साथरोग आणि डोंगरवाटा : पर्यटनस्थळ-बंदीची कारणे, मर्यादा व मोल
(मुळशी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम आणि पिरंगुट ही गावे लागतात. पिरंगुटपासून एक रस्ता पौडमार्गे मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो, तर दुसरा उरवडे गावावरून मुठा खोऱ्यात शिरून टेमघर धरण व लवासा येथे पोहोचतो. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी या दोन्ही रस्त्यांवर शहरातून येणाऱ्या वाहनांची रीघ लागते. धबधबे, धुके आणि हिरवे डोंगर यांच्या ओढीने येणाऱ्या या समुदायावर उरवडे व आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांचा हंगामी चरितार्थ अवलंबून असतो. रस्त्याच्या कडेला भाजलेले कणीस, चहा आणि कांदाभजी विकणारी टपरी हे या अर्थव्यवस्थेचे सर्वांत लहान, परंतु सर्वाधिक दिसणारे एकक होय.

२०२० आणि २०२१ या सलग दोन वर्षांच्या पावसाळ्यांत हे चित्र पालटले. कोविड-१९ च्या साथीमुळे पुणे जिल्ह्यातील गड, धरणे, धबधबे व घाटमाथे पर्यटकांसाठी बंद करण्यात आले. या बंदीविषयी त्या काळात दोन टोकांची मते व्यक्त झाली. मोकळ्या हवेत रोग पसरत नाही, मग डोंगर बंद कशासाठी, असा एक पक्ष होता. माणसे मरत असताना सहलीचा विचारच असभ्य आहे, असा दुसरा पक्ष होता. दोन्ही पक्षांनी डोंगराचा आणि पर्यटकाचा विचार केला. या दोहोंच्या मध्ये असलेल्या गावाचा विचार मात्र क्वचितच झाला.

प्रस्तुत लेखाचा उद्देश सदर बंदीचे समर्थन अथवा निषेध करणे हा नाही. अशी बंदी कोणत्या कायद्याने घातली जाते, तिचे खरे कारण कोणते, ते कारण केव्हा लागू पडते व केव्हा पडत नाही आणि तिचे मोल कोण चुकवते, या चार प्रश्नांचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे. भूगोल, विधी, आरोग्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या चारही विद्याशाखांशी हा विषय निगडित असल्याने तो महाविद्यालयीन अध्यापकांच्या चर्चेस योग्य ठरावा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आश्रयस्थान ते निषिद्ध क्षेत्र

साथ आली की डोंगर बंद करावा, ही कल्पना आपल्याकडे जुनी नाही. किंबहुना परंपरा नेमकी उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे व परिसरात प्लेग पसरला तेव्हा लोक घरे सोडून गावाबाहेरच्या माळावर, शेतात झोपड्या बांधून राहिले. प्लेगचा प्रसार घरातील उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांच्यामार्फत होत असल्याने दाट वस्तीतून बाहेर पडणे हे रोगाच्या स्वरूपाशी सुसंगत असेच वर्तन होते. क्षयरोगावर प्रभावी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी डोंगरावरील स्वच्छ हवा हाच उपचाराचा भाग मानला जाई. पाचगणी येथे १९१२ मध्ये स्थापन झालेले बेल-एअर आरोग्यधाम हे त्याचे परिचित उदाहरण होय.

याच प्लेगच्या निमित्ताने १८९७ च्या फेब्रुवारी महिन्यात साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात प्लेग-अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीत घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची नासधूस यांमुळे जो असंतोष पसरला, त्याची परिणती २२ जून १८९७ च्या प्रसंगात झाली. तो इतिहास सर्वज्ञात आहे. येथे त्यातील एवढाच भाग लक्षात घ्यावयाचा की, आरोग्याच्या हेतूने योजलेला उपायदेखील लोकांना विश्वासात न घेता राबविला तर त्याची वैधता लोकमानसात टिकत नाही. हाच अधिनियम सव्वाशे वर्षांनंतर २०२० मध्ये पुन्हा आपल्या व्यवहारात आला.

मधल्या काळात २००९ मध्ये पुणे शहर स्वाइन फ्ल्यूच्या साथीचे केंद्र बनले. ३ ऑगस्ट २००९ रोजी या रोगाने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरातील शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही काळ बंद ठेवावी लागली. ऑगस्ट हा ऐन पावसाळ्याचा महिना होय. शहरातील बंदिस्त जागा बंद केल्या की मोकळा वेळ मिळालेली माणसे मोकळ्या जागेकडे वळणार, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित होणे स्वाभाविक होते. परंतु त्याला पूर्ण आकार आला तो २०२० मध्ये.

कोविड काळातील घटनाक्रम

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. १३ मार्च रोजी राज्य शासनाने साथरोग अधिनियम लागू केला. १७ मार्चपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने देशभरातील केंद्रीय संरक्षित स्मारके बंद केली. त्यामुळे लोहगड, विसापूर व शिवनेरी हे किल्ले आणि कार्ले-भाजे येथील लेणी ही स्थळे आपोआप बंद झाली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली.

खरा पेच टाळेबंदी शिथिल होताना निर्माण झाला. जून २०२० च्या प्रारंभी राज्य शासनाने ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने निर्बंध टप्प्याटप्प्याने उठविण्यास आरंभ केला आणि पहिल्याच टप्प्यात मोकळ्या जागेत चालणे, धावणे व सायकल चालविणे यांस मुभा दिली. म्हणजे मोकळ्या हवेतील व्यायाम तुलनेने सुरक्षित आहे, हे शासनानेही मान्य केले होते. तथापि त्याच सुमारास पाऊस सुरू झाला आणि जिल्हा प्रशासनाने मुळशी, मावळ, हवेली इत्यादी तालुक्यांतील पर्यटनस्थळी जाण्यास मनाई केली. केंद्रीय संरक्षित स्मारके ६ जुलैपासून उघडण्यास परवानगी मिळाली खरी, परंतु अंतिम निर्णय राज्य व स्थानिक प्रशासनावर सोपविण्यात आला होता. सिंहगडासारखे वनखात्याच्या अखत्यारीतील स्थळही दीर्घकाळ बंद राहिले. दुसऱ्या लाटेनंतर २०२१ च्या पावसाळ्यात अशाच मनाई आदेशांची पुनरावृत्ती झाली.

या काळात आषाढी वारीचीही परंपरा खंडित करावी लागली आणि २०२० मध्ये संतांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या, हे येथे नमूद केले पाहिजे. शतकानुशतकांची पायी वारी थांबू शकते तर रविवारची सहल का थांबू नये, हा युक्तिवाद भावनिकदृष्ट्या बिनतोड वाटतो. परंतु वारीतील लक्षावधींचा मुक्कामी समुदाय आणि डोंगरावर पहाटे चढणारे दोघे-तिघे यांच्यातील भेद त्याने पुसला जातो. म्हणून या प्रश्नाचा विचार भावनेपेक्षा कारणमीमांसेच्या आधारे करणे आवश्यक ठरते.

कायदेशीर आधार

डोंगर, धबधबा अथवा किल्ला बंद करण्याचा अधिकार एकाच यंत्रणेकडे एकवटलेला नाही. सर्वसाधारणपणे पुढील तरतुदींचा अवलंब केला जातो.

१) साथरोग अधिनियम, १८९७ : कलम २ अन्वये घातक साथ पसरल्यास वा पसरण्याचा धोका असल्यास आणि प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास राज्य शासन आवश्यक ते तात्पुरते उपाय व नियम करू शकते.

२) आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ : कलम ३४ अन्वये जिल्हा प्राधिकरणास आपद्ग्रस्त अथवा आपत्तीप्रवण क्षेत्रातील वाहतूक आणि व्यक्तींचा प्रवेश नियंत्रित करता येतो.

३) फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ : कोविड काळातील मनाई आदेशांचा हा सर्वांत परिचित आधार होता. १ जुलै २०२४ पासून ही संहिता संपुष्टात आली असून आता हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. अशा आदेशाची मुदत सामान्यतः दोन महिन्यांपेक्षा अधिक नसते. राज्य शासन ती मर्यादित काळासाठी वाढवू शकते.

४) स्थळाच्या मालकीनुसार लागू होणारे वनविषयक व पुरातत्त्वविषयक कायदे.

या सर्व अधिकारांवर संविधानाची मर्यादा आहे. देशात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(ड) ने दिले असून सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर केवळ वाजवी निर्बंध घालता येतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘अनुराधा भसीन’ खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी, म्हणजे राज्यात साथ येण्याच्या दोनच महिने आधी, कलम १४४ खालील आदेशांविषयी महत्त्वाची तत्त्वे सांगितली. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत वस्तुस्थितीचा आधार नमूद असला पाहिजे, निर्बंध उद्दिष्टाच्या प्रमाणात असले पाहिजेत आणि एकामागून एक आदेश काढून अधिकाराचा गैरवापर होता कामा नये, असा त्यांचा आशय आहे. तो खटला जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांविषयीचा असला तरी ही तत्त्वे डोंगरावरील बंदीसही तितकीच लागू पडतात.

बंदीचे खरे कारण : डोंगर नव्हे, वाट

मोकळ्या हवेतील संसर्गाचा धोका बंदिस्त जागेच्या मानाने पुष्कळ कमी असतो, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यानुसार, अभ्यासांत नोंदविलेल्या कोविड संसर्गांपैकी दहा टक्क्यांहून कमी संसर्ग मोकळ्या जागेत झाले होते. म्हणजे डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीपासून दुसऱ्या व्यक्तीस रोग होण्याची शक्यता अल्प होती. केवळ एवढाच निकष लावल्यास बंदी अनावश्यक ठरते. परंतु डोंगरावर जाणे म्हणजे केवळ माथ्यावर असणे नव्हे. या प्रवासातील तीन घटक स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

पहिला घटक गर्दीच्या भूगोलाचा. डोंगर विस्तीर्ण असतो, परंतु डोंगरावरील माणसे विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेली नसतात. ती वाहनतळ, उपाहारगृह, स्वच्छतागृह, धबधब्याखालचा चौथरा आणि किल्ल्याचा दरवाजा अशा मोजक्या ठिकाणी एकवटतात. लोहगडाचे उदाहरण बोलके आहे. एकापाठोपाठ एक दरवाजे असलेली तेथील अरुंद वळणदार पायऱ्यांची वाट शत्रूचा वेग रोखण्यासाठी रचलेली आहे आणि २०२३ च्या जुलै महिन्यात याच वाटेवर हजारो पर्यटक तासन् तास अडकून पडले. त्या वेळी कोणतीही साथ नव्हती. साथीच्या काळात अशी कोंडी झाली असती तर ती मोकळी जागा म्हणविण्यास पात्र ठरली नसती. शिवाय तेथवर येणारा प्रवास बंद मोटारीत, अनेकदा वेगवेगळ्या घरांतील मित्रमंडळींसह होतो, हेही विसरता येत नाही.

दुसरा घटक ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा. मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर रुग्णास तेथून पुण्यास हलवावे लागते आणि त्यासाठी पिरंगुट-चांदणी चौक हाच मुख्य मार्ग आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुणे शहरातच खाटा व प्राणवायू यांची टंचाई असताना खोऱ्यातील गावांची स्थिती किती नाजूक होती, याची कल्पना करता येईल. या भागात पर्यटन बंद असले तरी कारखाने सुरू होते. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. ती दुर्घटना या लेखाच्या विषयाहून वेगळी असून तिची कारणे औद्योगिक सुरक्षेच्या कक्षेतील आहेत. परंतु अशा दिवशी अग्निशामक वाहने व रुग्णवाहिका ज्या रस्त्याने याव्या लागतात, तोच रस्ता पावसाळी रविवारी पर्यटकांच्या वाहनांनी भरलेला असतो, ही वस्तुस्थिती खोऱ्यात राहणाऱ्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

तिसरा घटक बचावकार्याचा. सह्याद्रीत घसरून पडणे, वाट चुकणे व पाण्यात बुडणे हे अपघात दरवर्षी होतात. अशा वेळी धावून जाणारी पथके मुख्यत्वे स्वयंसेवकांची असतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था तसेच गावोगावचे तरुण हे काम करतात. जखमी व्यक्तीस खाली आणताना स्ट्रेचरभोवती सहा-आठ जणांना खांद्याला खांदा लावून तासन् तास चालावे लागते. तेथे सुरक्षित अंतर राखणे अशक्य असते. एका पर्यटकाचा पाय मुरगळला तरी त्यामुळे एका गावातील आठ तरुण संसर्गाच्या कक्षेत येतात.

सारांश, डोंगर बंद करण्याचे समर्थनीय कारण डोंगरावरील हवेत सापडत नाही. ते डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर, पायथ्याच्या गावात आणि तेथील तुटपुंज्या व्यवस्थेत सापडते. बंदीचा लाभ प्रामुख्याने गावास व्हावा, अशीच तिची रचना असते. म्हणूनच टाळेबंदीच्या आरंभी राज्यातील अनेक गावांनी रस्त्यावर लाकडे व दगड टाकून स्वतःहून वाटा अडविल्या. त्यामागे अज्ञान नव्हते. आपल्या गावाची सोसण्याची शक्ती किती, याची ती जाणीव होती.

कारण लागू न पडणारे प्रसंग

वरील मीमांसेचा दुसरा अर्थ असा की, रोगाचा प्रसारमार्ग बदलला की उपायही बदलला पाहिजे. याचे अलीकडील उदाहरण पुण्याच्या दक्षिण-पश्चिमेस घडले. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी व खडकवासला या परिसरात गिलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. ही सर्व गावे सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची आहेत. परंतु या आजाराचा संबंध दूषित पाण्याशी असल्याचे दिसून आले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. साहजिकच उपाययोजनेचा रोख विहिरी, टँकर आणि खासगी शुद्धीकरण केंद्रांचे पाणी यांवर राहिला. अशा प्रसंगी किल्ला बंद करण्याने काही साध्य झाले नसते. पायथ्याच्या उपाहारगृहांतील पाण्याची तपासणी हाच योग्य उपाय ठरतो.

प्लेगमध्ये माळावर जाणे हिताचे होते, कोविडमध्ये पायथ्याची गर्दी टाळणे हिताचे होते आणि जलजन्य आजारात पाणी तपासणे हिताचे असते. तीनही प्रसंगी साथ हा शब्द समान असला तरी डोंगराचे स्थान भिन्न आहे. ‘साथ आली, पर्यटन बंद करा’ असा सरसकट प्रतिसाद म्हणूनच शास्त्रीय म्हणता येत नाही.

अन्य देशांतील अनुभव

हा पेच केवळ आपला नव्हता. २१ मार्च २०२० रोजी वेल्समधील स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानात स्मरणात नसेल एवढी विक्रमी गर्दी उसळली. उपाहारगृहे व शाळा बंद झाल्याने लोक डोंगराकडे धावले होते. त्यानंतर काही दिवसांतच तेथील लोकप्रिय शिखरांच्या वाटा बंद कराव्या लागल्या. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान १ एप्रिल २०२० रोजी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून बंद झाले. नेपाळने मार्च २०२० मध्येच एव्हरेस्टसह सर्व शिखरांच्या वसंत ऋतूतील मोहिमा रद्द केल्या आणि त्याचा फटका शेर्पा व भारवाहक यांच्या वार्षिक उत्पन्नास बसला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून बोधप्रद उदाहरण २००१ मधील ब्रिटनचे आहे. तेथे जनावरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. हा रोग माणसांचा नव्हता, परंतु चालणाऱ्यांच्या पादत्राणांमार्फत तो पसरेल या भीतीने ग्रामीण भागातील व डोंगरांतील पायवाटा मोठ्या प्रमाणावर बंद करण्यात आल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार या साथीचा सार्वजनिक क्षेत्रावरील भार तीन अब्ज पौंडांहून अधिक, तर खासगी क्षेत्रावरील भार पाच अब्ज पौंडांहून अधिक होता. खासगी क्षेत्रातील नुकसानीचा मोठा वाटा पर्यटनाशी संबंधित होता. ज्या शेतकऱ्यांची जनावरे मारावी लागली त्यांना भरपाई मिळाली. ज्यांच्या खानावळी व निवासगृहे ग्राहकांअभावी ओस पडली त्यांना तशी भरपाई नव्हती. शासनाने प्रत्यक्ष नष्ट केलेली मालमत्ता मोजली जाते, पण शासनाच्या आदेशाने बुडालेली मजुरी मोजली जात नाही, हा भेद तेव्हाच उघड झाला होता.

बंदीचे मोल

हाच भेद मुळशीच्या संदर्भात तपासून पाहता येतो. डोंगरपायथ्याच्या टपरीचे अर्थकारण हंगामी असते. पावसाळ्यातील मोजक्या शनिवार-रविवारी होणारी विक्री भातलावणीचा खर्च, शाळेची वह्या-पुस्तके आणि पुढील काही महिन्यांचा किराणा यांना आधार देते. सिंहगडावरील पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही विकणाऱ्या कुटुंबांची स्थितीही अशीच आहे. सिंहगडाच्या घाटात वाहनांकडून घेतल्या जाणाऱ्या उपद्रव शुल्काचाही येथे विचार करावा लागतो, कारण पर्यटक थांबले की तेही थांबते. सलग दोन हंगाम बुडणे म्हणजे अशा कुटुंबांच्या दृष्टीने दोन वर्षांचे रोख उत्पन्न बुडणे होय.

शासनाने या काळात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोफत धान्य दिले गेले. जून २०२० मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी ‘पीएम स्वनिधी’ ही दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवली कर्जाची योजना सुरू केली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने निर्बंध जाहीर करतानाच नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपयांचे साहाय्य घोषित केले. परंतु या दोन्ही योजनांची रचना नागरी आहे. फेरीवाल्यांची नोंदणी ज्या २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाखाली होते, तो अधिनियम नगर पथविक्रेता समित्यांमार्फत, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांच्या हद्दीत चालतो. उरवड्याच्या किंवा ताम्हिणीच्या रस्त्यावर कणीस भाजणारी स्त्री ग्रामपंचायतीच्या हद्दीत बसते. शहरातील गाडीवर तोच माल विकणाऱ्यास कायद्याने फेरीवाला म्हणून ओळख मिळते, तिला ती मिळत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही नोंदले जात नाही.

मोल असमान असण्याची दुसरी बाजू अंमलबजावणीशी संबंधित आहे. नाक्यावर दुचाकीस्वार अडविला जातो आणि त्याच्याकडून दंड वसूल होतो. परंतु ज्याचे डोंगरात स्वतःचे शेतघर आहे, तो पर्यटक या व्याख्येत येत नाही. एप्रिल २०२०मध्ये कडक टाळेबंदी असताना एका उद्योजक घराण्यातील मंडळी अधिकाऱ्याच्या पत्राच्या आधारे खंडाळ्याहून महाबळेश्वरास पोहोचल्याचे उघडकीस आले आणि राज्यभर टीका झाली. एका प्रकरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये हे खरे. तथापि बंदी डोंगरावर नसून विशिष्ट प्रकारच्या माणसांवर आहे, अशी समजूत एकदा पसरली की आदेशाचे पालन दंडाच्या भीतीपुरतेच उरते.

या संदर्भात साथरोग अधिनियमाच्या मूळ शब्दांकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कलम २ मध्ये उपाय योजण्याचा अधिकार देताना, त्यासाठी होणारा खर्च कोणी व कशा रीतीने सोसावयाचा हे शासनाने ठरवावे, असे म्हटले आहे आणि त्या खर्चात ‘भरपाई असल्यास ती’ही अंतर्भूत केली आहे. १८९७ च्या परकीय सत्तेने केलेल्या, कठोर म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या या कायद्यातही भरपाईचा शब्द आहे. ती तरतूद हक्क निर्माण करीत नाही, परंतु दार उघडे ठेवते. पर्यटनबंदीच्या चर्चेत या दाराकडे पाहिले गेले पाहिजे.

योग्य बंदीच्या कसोट्या

उपरोक्त विवेचनाच्या आधारे, भविष्यात अशी वेळ आल्यास पुढील कसोट्या विचारात घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१) प्रसारमार्गाची कसोटी : रोग हवेतून, पाण्यातून की कीटकांमार्फत पसरतो, हे आदेशात नमूद करून त्या मार्गाशी बंदीचा संबंध स्पष्ट करावा.

२) सौम्य पर्यायाची कसोटी : वाहनतळाची मर्यादा, पूर्वनोंदणी, उपाहारगृहांतील आसनव्यवस्था बंद ठेवून केवळ बांधून देण्याची मुभा, या उपायांनी हेतू साधत असेल तर संपूर्ण बंदी टाळावी. वाहनतळ नियंत्रित केला की डोंगर आपोआप नियंत्रित होतो.

३) मुदतीची कसोटी : प्रत्येक आदेशास निश्चित अंतिम तारीख असावी आणि तो वाढविताना रुग्णसंख्या, खाटांची उपलब्धता इत्यादी आधार प्रसिद्ध करावा.

४) समानतेची कसोटी : बंदी दुचाकीस्वारास लागू असेल तर निवासगृहे आणि शेतघरांकडे होणाऱ्या वाहतुकीसही लागू असावी.

५) ग्रामसभेची कसोटी : बंदीचे प्रधान कारण गावाची सुरक्षितता हे असेल, तर कोणती वाट केव्हा बंद वा खुली करावी याविषयी गावाचे मत घेतले जावे.

६) मोलाची कसोटी : ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील हंगामी विक्रेते, वाटाडे व घरगुती खानावळी यांची साधी नोंदवही साथ नसतानाच तयार ठेवावी, म्हणजे साहाय्य जाहीर झाल्यास ते पोहोचविण्यास आधार राहील.

यांपैकी शेवटच्या सूचनेस विशेष खर्च लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचे एक सात दिवसांचे शिबिर अशा नोंदवहीच्या कामास पुरेसे ठरू शकते. दत्तक गावात वृक्षारोपण व स्वच्छता यांच्या जोडीने हे काम हाती घेता येईल. त्यातून भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांस क्षेत्रीय अभ्यासाचा अनुभवही मिळेल.

निष्कर्ष

साथरोगाच्या काळात डोंगरी पर्यटनस्थळे बंद करणे हा काही परिस्थितीत योग्य उपाय असतो. कोविडच्या काळात त्यामागे विवेक होता, कारण धोका माथ्यावर नसला तरी वाटेवर व पायथ्याशी होता. परंतु ज्या गावाच्या रक्षणासाठी बंदी घातली जाते, त्याच गावाने तिचा सर्वाधिक भार सोसावा आणि तो भार कोणत्याही कागदावर नोंदलाही जाऊ नये, ही विसंगती आहे. शहरातील पर्यटकाचे दोन पावसाळे हुकले. ते त्याला पुढे भरून काढता आले. टपरीवरच्या कुटुंबास ते भरून काढता आले नाहीत.

आज उरवड्याचा रस्ता पुन्हा गजबजलेला आहे. २०२४ मध्ये भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर मनाई आदेशांचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. म्हणजे बंदी हे साधन आता केवळ साथीपुरते राहिलेले नाही. ते प्रशासनाच्या नित्य वापरातील होऊ पाहत आहे. म्हणूनच तिच्या कसोट्या आणि तिचे मोल यांविषयीची चर्चा पुढील साथीची वाट न पाहता व्हावयास हवी. तिचा प्रारंभ डोंगरपायथ्याच्या गावातील एका नोंदवहीने करता येईल.